७,३९,३९,१३३ आणि आमची मोठी माणसं

आमच्या कराडच्या क्लासमध्ये गणितापेक्षा किस्से जास्त तयार होतात. पोरांचा दोष नाही, किस्से घडवतात ती मोठी माणसं. मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं, आता इथं आठवी-नववीला शिकवतो. एकदा पेंगलेल्या वर्गासाठी फळ्यावर लिहिलं : ७,३९,३९,१३३. मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कुणानंच भाग जात नाही. शेवटचा अंक पुसा, उरलेली संख्याही मूळ! पुसत पुसत पहिल्या सातापर्यंत या, प्रत्येक वेळी मूळच. याहून मोठी अशी संख्याच नाही. पोरं येडी झाली!

*

तेवढ्यात क्लासचे मालक माने सर आत आले.

"परीक्षेला येतं का हे?"

"न्हाई."

"मग पुसा."

पुढच्या बाकावरच्या पोरीनं उठून फक्त शेवटचा तीन पुसला. "सर, अजून मूळच हाय!"

*

नऊ हा सरांचा लकी आकडा. गाडीच्या नंबरची बेरीज नऊ. क्लासच्या गाळ्याचीही नऊ. एवढं करून माणसाचं तोंड कायम पडलेलं. त्यांनी माझ्या संख्येची बेरीज घेतली. अडतीस, मग अकरा, मग दोन.

"दोन वाईट. नऊ बेरजेची मूळ संख्या काढ, बॅनरवर टाकू."

"सर, बेरीज नऊ आली की नऊनं भाग जातोच. एवढी मोठी संख्या मग मूळ कशी राहील?"

"तू ना, लय निगेटिव्ह हायस!"

*

माझे वडील, अण्णा, मिलिटरीतून रिटायर. घरी त्यांनाही ती संख्या सांगितली.

"सात कोटी काय रं? ऊस? माणसं?"

"काय न्हाई अण्णा. नुसती संख्या."

"कॉलेज सोडल्यापासनं तुझं सगळं नुसतंच चाललंय."

*

मग पालकसभा आली. मास्तरला डिग्री नाही हे फुटलं होतं. सरांनी आधीच सांगितलं, "पालक नको म्हणाले तर उद्यापासून येऊ नको."

एका पोराचे आजोबा, तात्या, उठले. सोसायटीच्या संचालकपदावर बसून बसून म्हातारे झालेले.

"डिग्री न्हाई, आन पोरांना फळ्यावर लिहिलेली ती संख्या मूळ हाय म्हणतोस. कशावरनं?"

"आठ हजार सहाशेपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघा."

एवढा वेळ कुणाला! तात्यांनी घसा खाकरला. "ठराव मांडतो. सदर संख्या मूळ आहे, सबब मास्तर कायम. अनुमोदन?"

"माझं!" मागून एक पालक ओरडले.

सगळे हात वर. नोकरी वाचली! मी गप बसायचं. पण डोकं फिरलं.

"आवं, हात वर करून संख्या मूळ होती व्हय? तुमी न्हाई म्हणला असता तर तिला काय भाग गेला असता?"

सरांनी डोळेच मिटले.

तात्या मात्र शांत. "सर, लिहून घ्या. विरोधात एक मत, खुद्द मास्तरांचं. ठराव बहुमतानं मंजूर. चहा सांगा."