पट्टे आवळले आणि हात हलेना

मंडळी, आज उधन्याच्या गॅरेजमध्ये जे झालं ते घरी अजून सांगितलेलं नाही.

यंदा मी राष्ट्रीय टूरिंग कार स्पर्धेत गाडी चालवतेय. मागच्या शर्यतीत गाडी उलटली, दार अडकलं आणि बाहेर काढेपर्यंत मी आत उलटी लटकत होते. लागलं काहीच नाही, म्हणून सगळे विसरले. येत्या रविवारी हंगामातली शेवटची शर्यत आहे.

आज दुरुस्त झालेल्या गाडीत पहिल्यांदाच बसले. आमचे मेकॅनिक भिकनकाका सीटचे पट्टे आवळून म्हणाले, "आता स्वतः सोडवून बाहेर ये."

बकल पोटावरच होतं, पण हात हलेना. हेल्मेटमध्ये फक्त माझा श्वास ऐकू येत होता.

शेवटी काकांनीच पट्टे सोडवले. "काय व्हयनं, बेटा?"

"काका, गाडी तयार नाही असं सांगाल सगळ्यांना?"

त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. "गाडी तयार शे. तू तयार नाहीस, ते तूच सांग."

घरी आले तर बाबांनी शर्यत बघायला त्यांच्या लूम कारखान्यातल्या चौघांची तिकिटं काढलेली. मी चहा टाकायला आत गेले.

मी घाबरलेय, एवढंच सांगायचंय. तुम्ही घरी कसं सांगता हो?