फॉर्मवरचा मुलगा

पित्ताशयात खडे झाले तेव्हा मी जळगावात एकटी राहत होते. आजही राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा सुरतला यंत्रमागावर कामाला. कळ उठली की मी उंबऱ्याशी उकिडवी बसायची, उतरली की कामाला लागायची.

फुकट उपचारांचं कार्ड माझ्याकडे होतं. ही योजना कुणी आणली यावरून आमच्या गल्लीत दोन पक्षांची भांडणं. एकाने बोर्ड लावला की दुसऱ्या दिवशी त्याच्यावर दुसऱ्याचा. जळगावात तारीख लांबची मिळाली, म्हणून मी एसटीने धुळ्याच्या दवाखान्यात गेले. तिथे कार्ड चाललं, तारीखही मिळाली. मग टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "सोबत कोण?"

"कुणी नाही."

"अक्का, ऑपरेशनच्या कागदावर नातेवाइकाची सही लागते. काही झालं तर आम्ही कुणाला सांगायचं?"

"मलाच सांगा."

त्या हसल्या, पण फॉर्म परत दिला. "गुरुवारी माणूस घेऊन या. नाहीतर तारीख जाईल." रांगेतला मागचा म्हणाला, "सरका आता."

मुलाला फोन केला. "माय, सिझन शे. मालक सोडत नही. दिवाळीले येस मी." कळ दिवाळीपर्यंत थांबेल का, ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, "सही केली आणि तुम्ही गेलात, तर माझ्यावर यायचं." तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

निवडणूक तोंडावर होती. उमेदवार गल्लीत आला, मागे घोळका. माझ्या पाया पडून म्हणाला, "अक्का, हे फुकट उपचार आम्ही आणले, लक्षात ठेवा. मी तुमचा मुलगाच समजा."

"मग गुरुवारी धुळ्याला चल. मुलाची सही पाहिजे."

घोळका हसला. "आता सुटका नाही, भाऊ!" कुणीतरी मोबाइलवर हे सगळं घेत होतं, त्यामुळे त्याला मागे फिरता येईना. म्हणाला, "येणार. शब्द आहे."

आला. स्वतःच्या गाडीतून मला घेऊन गेला. फॉर्मवर नात्याच्या रकान्यात 'मुलगा' लिहिलं, खाली सही ठोकली. खोटं होतं, मी समोर बसून बघत होते. मग त्याने माझा हात हातात घेतला, बरोबरच्याने फोटो काढला, आणि दोघं प्रचाराला गेले. मला राग आला नाही. माझं काम झालं होतं.

ऑपरेशननंतर निघालेले खडे नातेवाइकाला दाखवतात. डॉक्टरांनी बाहेर येऊन माझ्या नावाने दोनदा हाक मारली, कुणी उठलं नाही. आयाबाईने हे मला नंतर सांगितलं. खड्यांची बाटली तिने माझ्या उशाशी ठेवली. शेजारच्या खाटेभोवती सात माणसं होती. त्यातल्या सुनेने न विचारता मला वरणाचं पाणी आणून दिलं. मी ते पिऊन घेतलं.

घरी एकटीच आले. टाके काढायलाही एकटीच गेले. दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन. तो फोटो सुरतेत सगळ्यांच्या मोबाइलवर पोचला होता.

"माय, तो फोटो सुरतमा बठ्ठास्नी दखा! खाले लिखेल शे, 'आईच्या सेवेला मुलगा हजर'. कारखानामा लोके माले इचारतस, मंग तू कोन?"

"मंग तू काय सांगं?"

मागांचा खडखडाट लांब गेला, तो बाहेर आला असावा. मग म्हणाला, "रविवारले येस मी."

"टाका काल निंघी ग्यात."

"तरी येस."

रविवारी मी दोन भाकरी जास्त टाकल्या. सोमवारी त्या मीच दुधात कुस्करून खाल्ल्या.