निसळ डॉक्टरांचा प्रश्न

दौंडात निसळ डॉक्टरांना 'सासूहाकल्या डॉक्टर' म्हणत. बाई तपासायला आली की सोबतच्या सासूला, नणंदेला, नवऱ्यालासुद्धा ते स्वतः उठून बाहेरच्या बाकावर बसवून येत आणि दार लावून घेत. एखादी म्हातारी अडून बसायची, "आमी काय परक्या हाय व्हय?" डॉक्टर म्हणत, "परक्या नाही म्हणूनच बाहेर बसा, आजी." आत राहायची मुभा फक्त मला. मी शिरूरची, नर्सिंग शिकून नुकतीच त्यांच्या दवाखान्यात लागले होते.

दार लागलं की ते विचारत, "तोंडानं संबंध येतो का?" ताक पिता का, असं विचारावं तितक्या सरळपणे. पहिल्या दिवशी मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई पदराचा बोळा तोंडात कोंबायची. तिचं उत्तर येईपर्यंत डॉक्टर तिच्याकडे बघत नसत. कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहत. तिथं कुणी बसलंय की काय म्हणून मीही एकदा वळून पाहिलं होतं.

सत्तरच्या दशकातले ते दिवस. दौंड म्हणजे रेल्वेचं गाव. गाडीवरची माणसं घरापासून लांब रनिंग रूममध्ये, रेल्वेच्या मुक्कामाच्या खोल्यांत, राहायची आणि काही जण परत येताना गरमीचा रोग, म्हणजे सिफिलिस, घेऊन यायचे. तोंडानं केलं तर काही लागत नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत. "त्याच्यात कुठली आलीय गरमी, डॉक्टर? बायकूला काय हू नये म्हणून तर तसं करतो," असं मला बाहेर पाठवून बोलणारे पुरुष दारातून ऐकू यायचे. डॉक्टर म्हणत, "रोगाला वेशीतूनच यावं लागतं असं नाही. खिंडारही चालतं." आणि वर, "लाज तुम्हाला आहे. जंतूला नाही."

एकदा केडगावहून एक गरोदर बाई आली. ओठाच्या आत लहानशी जखम. "दुखत न्हाई," ती म्हणाली, आणि डॉक्टरांचा चेहरा उतरला. "दुखणारं बरं, ते ओरडून सांगतं," ते पुटपुटले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला. ती हो म्हणाली. मग नवऱ्याला आत घेऊन त्यालाही विचारलं, तर त्या गड्यानं डॉक्टरांची कॉलरच धरली. डॉक्टर जागचे हलले नाहीत. "मारा. पण दोघांचं रक्त देऊन जा." पुण्याहून तपासून आलं, दोघांनाही रोग निघाला. इंजेक्शनं झाली. पुढे ती गुटगुटीत मुलगा घेऊन पेढे द्यायला आली आणि मुलाला तिनं डॉक्टरांच्या मांडीवर ठेवलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस हसेल. ते मुलाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे तीही वाचली असती."

ती कोण, हे मी विचारलंच. मला कुठं गप्प बसता येतं! डॉक्टरांनी सांगितलं, ती शेवंताची मुलगी. शेवंता एका फायरमनची बायको, शिरूरची लेक. गरोदर असताना ओठाची अशीच जखम दाखवायला आली होती. सासू त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली. डॉक्टरांच्या मनात शंका आली होती, पण सासूसमोर शब्द ओठावर येईना. तोंड आलंय म्हणून त्यांनी जांभळं औषध लावून पाठवलं. जखम आपोआप बरी झाली, रोग आत राहिला. आठव्या महिन्यात मुलगी मेलेलीच जन्मली. नंतर नवऱ्यानं एकट्यानं येऊन सगळं कबूल केलं. बायकोला दिवस गेलेत, तिला त्रास नको, म्हणून तो तोंडानंच संबंध ठेवत होता. आईला कळू देऊ नका, म्हणून त्यानं पाय धरले. डॉक्टरांनी शेवंताला ताकदीची म्हणून इंजेक्शनं दिली. ती बरी झाली, पण का ते तिला कुणी सांगितलं नाही. सासूनं 'पांढऱ्या पायाची, पोरगी खाल्ली' म्हणून तिला माहेरी पाठवलं आणि नवऱ्यानं दुसरी केली.

मला राग आला. "आमच्या गावात ती पोर खाल्लेली म्हणून राहते, डॉक्टर. भावजय बाळंत झाली तर तिला खोलीत येऊ दिलं नाही. तुम्ही नुसते स्टुलाकडे काय बघत बसता?" असं मी म्हणून गेले.  पुढच्या सुट्टीला डॉक्टर माझ्याबरोबर शिरूरच्या एस.टी.त बसले.

शेवंता भावाच्या ओट्यावर शेंगा फोडत होती. डॉक्टरांनी तिच्या भावाला आणि भावजयीलाही बोलावून समोर बसवलं. तिच्याकडे बघून ते म्हणाले, "हे तुमच्याबद्दल आहे. यांच्यासमोर सांगू का?" तिनं हो म्हणून मान हलवली. मग त्यांनी सगळं सांगितलं, काहीही न झाकता. रोग कुणाकडून आला, कसा आला, कुणाच्या नजरेला पडूनही राहून गेला. "माझं चुकलं," ते म्हणाले. "मी विचारायला लाजलो."

भावजयीनं डोळ्याला पदर लावला. शेवंताच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"म्हंजी मी न्हाई खाल्लं तिला?"

"नाही."

"ती येती ना सपनात," शेवंता म्हणाली. "अजून येती. आई, मला का खाल्लंस, म्हनती. मी आपली तिच्या पाया पडती."  मग तिनं डॉक्टरांकडे सरळ बघून विचारलं, "आता आली तर काय सांगू तिला?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. तो हातात धरून ते खाली मातीकडे बघत राहिले.

"माझं नाव सांगा," ते म्हणाले.