नारळ आधी फुटला

नारळ फुटल्याचा ओला, गोडसर वास आला की मला झरी जामणीकडची एक शाळा आठवते. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर सुरू करताना कोणती प्रणाली उघडायची हे विचारणारा जो मेनू यायचा, त्यात मुलांच्या अभ्यासासाठी टाकलेल्या लिनक्स या प्रणालीची मी एक नवी ओळ घालायला गेलो होतो. खिडकीबाहेर सागाची पानं वाजत होती आणि उद्घाटनासाठी सतरंजीवर पालक जमले होते. फाइलमध्ये ओळ लिहून मी ऐटीत म्हणालो, "झालं!" मुख्याध्यापक बाईंनी लगेच हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, तर मेनूत त्याच जुन्या दोन ओळी! फाइल लिहिल्यावर मेनू नव्यानं तयार करायची कमांड द्यायलाच मी विसरलो होतो. मागून एक आजोबा म्हणाले, "नारळ तं फुटला, मंग अडलं काहून?" मी चूक कबूल केली. बाईंनी माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "नारळ काही वाया जात नाही सर, खात खात करा." मी कमांड देऊन कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, दोन मिनिटांत नवी ओळ दिसली आणि अख्खी सतरंजी टाळ्या वाजवत उठली. आता मी मोठमोठी मशिनं सांभाळतो, पण रीस्टार्ट करण्याआधी ती कमांड दिली ना, हे बघताना तोंडात अजून खोबऱ्याची चव येते.