मा-शेझीच्या दारातला गोरा

वेसेल आमच्या अंगणात आला तेव्हा मी हंडे घासत होते. एझाखेनीत, आमच्या काळ्यांच्या वस्तीत, मयतीचं जेवण म्हटलं की मा-शेझी आणि मी. मंडप आमचा, भांडी आमची, रांधणंही आमचंच. दारात गोरा बघून मला वाटलं, झालं, आता कुठला तरी कर भरा.

"काम आहे का, मॅडम?" त्याने विचारलं.

"मॅडम कोणाला म्हणतोस? मा म्हण," मा-शेझी म्हणाली.

तो शेतावर वाढलेला, त्यामुळे आमची झुलू भाषा त्याला येत होती, पण नुसती हुकमाची. आण, उचल, हो बाजूला. विनवणी करायची पाळी आली तर मेल्याला शब्दच सापडेनात. टोपी चुरगाळत उभा राहिला. रेल्वेच्या वर्कशॉपमधून कमी केलेला, आणि त्याच्या लोकांच्या दुकानांतही कोणी दारात उभं करत नव्हतं.

घरी त्याची बायको मार्लीन ऑक्सिजनच्या मशीनवर होती. आमच्याकडे मीटरमध्ये आधी पैसे, मग वीज. वीज गेली की तिचा श्वास गेला. यातलं तो आम्हाला एक अक्षर बोलला नाही. तुम्हाला मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे त्याला हसत बसाल.

"लिंदिवे, ठेवायचा का याला?" मा-शेझीने मला विचारलं.

"ठेव की. लोक मेलेल्याला सोडून यालाच बघत बसतील."

"शनिवारी ये," ती त्याला म्हणाली. "नीट केलंस तर पुढचं बघू."

शनिवारी म्हाताऱ्या म्बोंगवाची माती होती. वेसेल राबला, खोटं कशाला बोलू. उकळते हंडे एकटा उचलत होता, मध्येच थांबून फोन बघत होता. मी म्हटलं, "कोण मैत्रीण वाट बघतेय का रे?" तो कसनुसा हसला.

मग घात झाला. पुरुषांच्या चुलीवर बैलाची मुंडी शिजली. मुंडी पुरुषांची. म्हातारे गोठ्यात बसून ती खातात, बायकांनी तिला हात लावायचा नाही. हे आमच्यात कोणी कोणाला शिकवत नाही, म्हणून मीही त्याला सांगितलं नाही. आणि त्याच्या आईने त्याला शिकवलेलं, आधी बायकांना वाढावं. तर या शहाण्याने मुंडीचं ताट उचललं आणि सरळ घरात जाऊन सुतकाच्या गादीवर बसलेल्या विधवेपुढे ठेवलं.

आतल्या बायका ताटापासून मागे सरकल्या. गोठ्यातून म्हातारे उठून आले. मेलेल्याचा भाऊ म्हणाला, "मा-शेझी, आमच्या घराची चेष्टा करायला गोरा आणलास?" मा-शेझीने सगळ्यांसमोर गुडघे टेकून माफी मागितली. तिला असं वाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला.

मंडपामागे तिने त्याला गाठलं. "जा घरी. परत येऊ नकोस."

"मा, मी भांडी घासतो. चूल राखतो. काहीही करतो." तो तिच्या वाटेत उभा राहिला. "माझी बायको मशीनवर आहे. वीज संपत आलीय. आज काही हातात पडलं नाही तर ती रात्र काढणार नाही."

"हे आता सुचलं? पहिल्या दिवशी का नाही बोललास?"

"आमच्या घरी एक झुलू बाई कामाला होती. पोर आजारी आहे म्हणाली की आई म्हणायची, यांची थापच असते ही. मला वाटलं, तुम्हीही तेच म्हणाल."

मा-शेझीने पिकअपची किल्ली काढली. "बस गाडीत. मी डोळ्यांनी बघणार."

मला वाटलं, आता याचं खोटं पकडते. मीही चढले, मजा बघायला.

घरात अंधार होता. मशीन बंद. मार्लीन पलंगाच्या कडेला वाकून श्वास ओढत होती, ओठ निळे पडलेले. वेसेल तिला धरून नुसताच "मार्ली, मार्ली" करत राहिला. मा-शेझी बाहेर धावली. मंडपाच्या दिव्यांचा जनरेटर गाडीतच होता. आम्ही दोघींनी तो ओढत दाराशी आणला, वायर खिडकीतून आत टाकली. मशीन घरघरलं. मार्लीनच्या ओठांवर रंग यायला कितीतरी वेळ लागला, आणि तोवर आमच्यातलं कोणी हललं नाही.

निघताना मा-शेझी त्याला म्हणाली, "आज जनरेटर इथेच राहू दे. मीटरचं मी उद्या बघते. शुक्रवारी दुसरी मयत आहे, जनरेटर घेऊन तूच ये. मुंडी गोठ्यात न्यायची."

तो रडायला लागला. ती न थांबता गाडीत येऊन बसली. किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"एवढं कशाला केलंस?" मी विचारलं. "गोऱ्यासाठी?"

"माझी झानेले तापाने फणफणली होती तेव्हा मी माझ्या कामावरच्या गोऱ्या मॅडमच्या पाया पडले होते, लिंदिवे. म्हटलं, विश्वास नसेल तर येऊन बघा." तिने एप्रनने नाक पुसलं. "ती आली असती तर माझं पोर जगलं असतं."