त्याने वळून बघितलं का?

शाळेच्या कोपऱ्यात पडलेली बाकाची फळी दिसली, की सूर्यमाळजवळच्या पाड्यावरची ती सकाळ आठवते. अंगणात नागली वाळत होती आणि शेजारच्या म्हाताऱ्याच्या कुत्र्याचे मागचे पाय अचानक लुळे पडले होते. आजारी माणसाला नेतात तसं त्यालाही झोळीतून रस्त्यापर्यंत न्यायचं, म्हणून म्हाताऱ्याने बांबूला गोधडी बांधलीसुद्धा. तेवढ्यात मी फोनवर गाठलेला गुरांचा डॉक्टर ओरडला, "झोळी नको! कण्याला मार असला तर पाठ वाकेल. सपाट फळीवर ठेवा." मी धावत शाळेत जाऊन हीच फळी आणली. मग तो म्हणाला, "मागच्या पायाचं बोट जोरात दाबा." मी दाबलं, तर पाय झटकन आखडला. मी आनंदाने सांगितलं, तसं त्याने विचारलं, "पाय आपोआपही आखडतो, सर. कळ मेंदूपर्यंत पोचत असेल, तरच पाय सुधारायची आशा. दुखलं म्हणून त्याने वळून बघितलं का?" मी तर पायाकडेच बघत होतो. गोंधळून म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तो त मघापासून तुमच्याकडंच बघतोय, गुरुजी." डॉक्टर उत्तरासाठी थांबला होता. 'हो' म्हणायचं होतं की 'नाही', ते आज या फळीसमोर उभं राहूनही मला सांगता येत नाही.