अप्पांच्या नावाचं मत

माझे वडील, अप्पा, वारल्यानंतर कित्येक वर्षांनी, एका अनोळखी माणसाने माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या नावावर मत टाकलं, आणि मी "ठीक आहे" म्हणून मान हलवली. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या सकूअक्काला तर नाहीच. ती गेल्या महिन्यात गेली. मी कॉलेजात पेपर तपासत बसलो होतो, तेव्हा तिच्या शेजारणीचा, सेल्वीचा फोन आला. "सार, अक्का उठत नाहीत..." एवढंच बोलून ती रडायला लागली. मी रिक्षा करून निघालो. वाटेत रडू यायच्या आधी मनात आलं ते हे, की आता ती मला कधीच विचारणार नाही. सुटल्यासारखं वाटलं. त्या वाटण्याची एवढी भीती वाटली की मी रिक्षा मध्येच थांबवली आणि जरा वेळ रस्त्याच्या कडेला नुसता उभा राहिलो.

सकूअक्का माझी चुलत बहीण, माझ्याहून बरीच मोठी. कागदोपत्री सकवारबाई. तंजावुरात मराठी राजांच्या मागून आलेल्या आमच्या लोकांत अशी जुनी नावं अजून घराघरांत सापडतात. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाली, मूलबाळ नाही, नवरा लवकर गेलेला. मला देवनागरी वाचायला तिनेच शिकवलं. आमच्या गल्लीच्या नळाला गटाराचा वास यायला लागला तेव्हा ती नगरपालिकेच्या कचेरीत खेटे घालू लागली. तिथे सांगितलं, नगरसेविकेला भेटा. वॉर्ड बायकांसाठी राखीव, निवडून आलेली बाईच, पण कारभार सगळा नवऱ्याचा, आणि नवरा कंत्राटदार. तो हसून म्हणाला, "अम्मा, तुम्ही राजवाड्यातली माणसं. नळाचं पाणी कशाला पिता? राजाची विहीर असेल की कुठे तरी!" अक्का घरी आली, ताक प्याली आणि म्हणाली, "मुकुंदा, मी उभी राहतें."

आमच्या लोकांत असं कोणी करत नाही. इतक्या पिढ्या इथे काढल्या, शेतं घेतली, नोकऱ्या केल्या, तरी आमचे वडीलधारे मनातून स्वतःला पाहुणेच समजत आले. पाहुण्याने यजमानाच्या घरात आवाज चढवू नये, असं माझे काका पानावर बसल्या बसल्या सांगायचे. मत द्यायचं, शाई दाखवायची, गप्प राहायचं. आणखी एक खोड आमच्यातली. चेन्नईला, बेंगळुरूला गेलेली माणसं इथली आपली नावं मतदारयादीतून काढत नाहीत. घर विकलेलं असतं, गावात कोणी उरलेलं नसतं, पण यादीत नाव असलं की अजून आपण तंजावूरचे, असं त्यांना वाटतं. मेलेल्यांचीही नावं तशीच राहतात. अप्पांचं नाव काढायला मी निघालो होतो तेव्हा आईने हात धरला. "राहूं दे रे. कागदावर तरी घरीं असूं दे." मी ते राहू दिलं.

अपक्ष म्हणून अक्काला चिन्ह मिळालं कात्री. कोपऱ्यावरचा चहावाला तिला चिडवायचा, "अक्का, निवडून आल्यावर आमचे खिसे कापणार काय?" ती म्हणायची, "तुझ्या खिशांत आहे काय रे कापायला?" गल्ली हसायची. सेल्वी आणि ती घरोघर जायच्या. अक्का तमिळ घरांत तमिळ बोलायची, मराठी घरांत मराठी, आणि दोन्हीकडे आधी पिण्याचं पाणी मागायची. ते नाकाशी धरून परत द्यायची. दुसरं भाषण नव्हतं.

मग गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकली उभ्या राहू लागल्या. कोणी काही बोलत नसे. नुसती उभी असत माणसं, फोन बघत. अक्का त्यांना विचारी, "जेवलात कीं?" मी मात्र लांबच्या वाटेने घरी जाऊ लागलो. मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांच्यातला एक जण माझ्या घरी आला. चांगले कपडे घातलेला, चपला बाहेर काढून आत येणारा. पाणी प्याला. म्हणाला, "सार, उद्या तुम्ही अक्कांचे एजंट म्हणून बूथवर बसणार ना? बसा, बसा. मोठं काम आहे." मग उठता उठता म्हणाला, "पाप्पा पापनाशमहून संध्याकाळच्या बसने येते, नाही का? त्या स्टॉपवर दिवा नाही, सार. आम्ही सांगून सांगून थकलो..." पाप्पा म्हणजे माझी मुलगी, तेव्हा पापनाशमला शिकायला जायची. तो गेला तरी मी दारातच उभा होतो. बायकोने विचारलं कोण होतं. मी म्हटलं, विम्याचा माणूस.

एजंटचं काम तसं सोपं. मतदान अधिकारी नाव मोठ्याने वाचतो, आणि आलेला माणूस तोच आहे ना, हे आपण पाहायचं. नसेल तर हरकत घ्यायची. गल्लीतली सगळी तोंडं मला ओळखीची, म्हणून अक्काने मला निवडलं होतं. "तूं नुसता बैस. तुझ्यासमोर खोटें बोलायला कोणी धजणार नाही," म्हणाली. दुपारी जेवणाच्या सुमाराला गर्दी ओसरली आणि अधिकाऱ्याने वाचलं, "तिरियंबग राव." त्र्यंबकराव, माझ्या अप्पांचं नाव, तमिळ तोंडातून. समोर चौकड्याचा शर्ट घातलेला, माझ्याहून तरुण माणूस. यादीतलं वय आणि हा माणूस यांचा मेळ कसा लागणार? अधिकारी घुटमळला आणि माझ्याकडे वळला. "एजंट सार, ओळखता?" त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, ओळखीचं हसून पाहिलं. मला त्या क्षणी अप्पा आठवले नाहीत, अक्का आठवली नाही. आठवला तो अंधारातला बसस्टॉप. मी मान हलवली. त्याच्या बोटाला शाई लागली, तो पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेला, आणि यंत्राचा लांब आवाज आला... मग मी पोट बिघडलं म्हणून उठलो आणि घरी गेलो. माझ्या जागी बसायला दुसरं कोणी नव्हतं. चेन्नईच्या, बेंगळुरूच्या आमच्या भावकीतल्या किती जणांच्या नावांनी त्या दुपारी मत दिलं, मला माहीत नाही. पण अक्का जेवढ्या मतांनी पडली तेवढी माणसं आमच्याकडच्या लग्नात एका पंगतीला बसतात.

निकालाच्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. डब्यात रसमभात, वर जिऱ्याची फोडणी. "पोट कसें आहे?" मी म्हटलं, बरं आहे. "तुझ्या पोटानें माझा घात केला बघ," म्हणाली आणि हसली. मी तो भात तिच्यासमोर शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. त्यानंतर मला कंत्राटदाराची भीती राहिली नाही. भीती राहिली ती अक्काची. सणावारी काही ना काही निमित्त काढून मी तिच्याकडे जायचं टाळलं. एकदा आईच्या श्राद्धाला पानं वाढताना ती सहज म्हणाली, "काकांचें, तुझ्या अप्पांचें, नांव अजून यादींत आहे म्हणे. काढून टाक रे आतां." तिला कळलं होतं की नव्हतं? मी वर पाहिलं नाही. ती वाढत राहिली.

आता तिच्या घराला कुलूप आहे, पण पुढच्या खिडकीत एक काचेची बाटली असते. रोज सकाळी नळाचं पहिलं पाणी त्यात भरून अक्का ती उजेडात ठेवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला रंग दिसावा म्हणून. आता सेल्वी भरते. परवा मी तिथून जात होतो. पाणी चहासारखं होतं. सेल्वी बाहेर आली. "सार, या खेपेला मी उभी राहणार. अक्का सांगायच्या, आमचा मुकुंदा बूथवर बसला की कोणाची हिंमत होत नाही. माझे एजंट व्हाल ना?" मी म्हटलं, सांगतो. मुलगी आता दूरच्या गावी नोकरीला आहे, त्या स्टॉपवर उतरत नाही. तरी मी लांबच्या वाटेनेच घरी गेलो.

हे सगळं मी मराठीत लिहिलं, दूर महाराष्ट्रात छापायला पाठवलं. आमच्या गल्लीत देवनागरी वाचणारं अक्कानंतर माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. म्हणजे कबुलीसुद्धा मी अशी जागा शोधून दिली जिथे ती कोणाच्या कानावर जाणार नाही. सेल्वीला मराठी येत नाही. हेच सगळं तिच्यासमोर उभं राहून तमिळमध्ये सांगणं, आणि त्यानंतरही तिला मी चालत असलो तर बूथवर शेवटपर्यंत बसणं, एवढं मी अक्काचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.